बाबलकाकांची बदनामी

"हिका आत घालूचा आसा, वकीलबाय," असं म्हणत त्या गृहस्थांनी दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला. "कितके दिवस आत बसात, ता सांगा."

"कोण ही?"

"फोनात आसा. वाचा."

कुडाळात मला तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं. मी मूळची बार्शीची. एका ओळखीवर तेंडोलकर सरांकडे ज्युनियर म्हणून आले होते. सर सत्तरीचे, सगळी हयात जमिनीच्या वाटण्यांत गेलेली. मोबाइल, इंटरनेट असलं काही आलं की हात झटकायचे आणि म्हणायचे, "हे आमच्या सुलक्षणा बारबोलेबाईंचं खातं." म्हणून हे रघुवीर केळुसकर माझ्या वाट्याला आले. नाव रघुवीर, पण अख्खा गाव त्यांना बाबलकाका म्हणायचा. वेंगुर्ल्याच्या अलीकडे, समुद्रापासून हाकेवर त्यांचं घर. घराला लागून तीन खोल्या काढल्या होत्या, आणि नवरा-बायको त्यात पर्यटक ठेवत. स्वयंपाक शेवंतीकाकींच्या हातचा. मूल नाही, दुसरा उद्योग नाही. जे काही होतं ते या तीन खोल्यांवर.

मी फोन हातात घेतला. काकांच्या खोल्यांबद्दल एका वेबसाइटवर नाशिकच्या कुणा सुनीती दाबके यांनी लिहिलं होतं: "एक तारा. जेवण उत्तम, खोली स्वच्छ. पण या घरात माणसाचा विश्वासघात होतो. बायकांनी इथे एकटीने मुळीच जाऊ नये."

मी दोनदा वाचलं. मग मान वर करून काकांकडे पाहिलं, आणि खरं सांगते, तुमच्या मनात आत्ता जे आलं तेच माझ्याही मनात आलं.

काकांनी ते ओळखलं. "बघल्यात?" ते म्हणाले. "तुमी पण तसाच बघितल्यात. सगळे तसाच बघतत. मे महिन्याची अकरा बुकिंगा गेली. ती जाऊंदेत. पण आमची शेवंती भजनाक जायची बंद झाली. बायका गप होतत, ही गेली की."

एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. धोतर स्वच्छ, दाढी दोन दिवसांची. अशा माणसाला चहा विचारायचा सोडून मी काय केलं, तर वही उघडली. नवीन वकिलाला वही उघडली की बरं वाटतं.

"काका, कायद्यात पाच वाटा आहेत," मी म्हटलं. "पहिली, तिथेच खाली आपलं उत्तर लिहायचं. दुसरी, त्या वेबसाइटकडे तक्रार करायची की मजकूर खोटा आहे, काढून टाका. तिसरी, बाईंना वकिलाची नोटीस, की इतक्या दिवसांत मागे घ्या आणि माफी मागा. चौथी, दिवाणी दावा. नुकसानभरपाई मागायची, शिवाय यापुढे असं लिहायला मनाई. आणि पाचवी फौजदारी. बदनामीची तक्रार थेट मॅजिस्ट्रेटपुढे."

"पाचवी," काका म्हणाले.

आतल्या खोलीतून तेंडोलकर सर ओरडले, "सहासष्ट-अ लाव! ऑनलाइनला ते चालतं!"

"सर, ते कलम सुप्रीम कोर्टानं कधीच रद्द केलं!"

"मला कुणी सांगितलं नाही!" असं म्हणून सर पुन्हा त्यांच्या सातबाऱ्यात शिरले.

"पाचवी घेऊ," मी काकांना म्हटलं, "पण तिथे तुम्हाला शपथेवर सगळं सांगावं लागेल. आणि बाईंनी लिहिलंय ते खरं निघालं, लोकांना सावध करायला लिहिलं असं त्या म्हणाल्या, तर आपण तोंडावर आपटू. म्हणून मला आधी सांगा, नेमकं काय घडलं?"

"काय्येक नाय."

"काहीच नाही?"

"इली, तीन दिस रवली, जेवली, गेली."

"काही भांडण? काही वस्तू हरवली? कुणी काही बोललं?"

"आवशीची आण, काय्येक नाय," काका म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले.

आता तुम्हाला माझा स्वभाव सांगायला हवा. मला लोकांची बंद दारं सहन होत नाहीत. आई म्हणायची, हिला वकील केलं नसतं तर शेजाऱ्यांनी गल्ली सोडली असती. एक बाई जेवण उत्तम म्हणते, खोली स्वच्छ म्हणते, म्हणजे खोटारडी नाही. समोरचा माणूस आईची शपथ घेऊन रडतो, म्हणजे तोही खोटा वाटत नाही. मग विश्वासघात कसला? दोघं खरे असतील तर मधे काय होतं? मला रात्री जेवण जाईना. शनिवारी सकाळी मी पिशवी भरली आणि वेंगुर्ल्याच्या एसटीत बसले. सरांना सांगितलं, जागेची पाहणी करायला जाते. जमिनीचं नाव काढल्यावर सर नाही म्हणत नाहीत.

शेवंतीकाकी दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू. "येवा, बसा," म्हणाल्या आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. मी त्यांना बजावलं की मी पाहुणी नाही, चौकशीला आले आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "चौकशी जेवल्यार करा."

मी जेवणाआधीच केली. दाबकेबाई राहिल्या ती कोपऱ्यातली खोली पाहिली. कडी आतून भक्कम. खिडकीला जाळी. न्हाणीघराच्या भिंतीला कुठे फट नाही, हे मी स्टुलावर चढून पाहिलं. काका अंगणात उभे राहून माझ्याकडे बघत होते आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती, पण बघणं थांबवलं नाही. काही म्हणजे काही सापडलं नाही.

दुसऱ्या दोन खोल्यांत पाहुणे होते. एकीत कोल्हापूरचं मगदूम कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुली. दुसरीत सोलापूरचे निवृत्त मास्तर, एकटेच. यांच्यापैकी कुणी ते बाईंचं लिहिलेलं वाचलं नव्हतं, म्हणून आले होते. सोलापूर म्हणजे आमचा जिल्हा, म्हणून मी मास्तरांपासून जरा लांबच राहिले. आपल्याकडचा माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, कुणाची गं तू.

दुपारी काकींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि पुढ्यात उकडलेल्या फणसाच्या आठळ्या ठेवल्या. "सोलशात?" म्हणाल्या.

इथे जरा थांबते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. काकी काही विचारत नाहीत. तुमच्या हाताला काम देतात आणि स्वतः पाटावर खोबरं खवत बसतात. मधूनच एखादं "मगे?" म्हणतात. बस. आठळ्या सोलता सोलता माणूस आपला सोलला जातो. मी त्यांची उलटतपासणी घ्यायला बसले होते, आणि अर्ध्या तासात त्यांना काय सांगून बसले? की मी न्यायाधीशाच्या परीक्षेला तीनदा बसले आणि तीनदा नापास झाले. तिसरा निकाल लागून दोन महिने झाले, तरी वडिलांना वाटतंय की निकाल यायचाय. ते रोज फोन करतात आणि मी रोज खोटं बोलते. कुडाळात हे कुणाला म्हणून माहीत नव्हतं. सरांनासुद्धा नाही.

काकींनी खोबऱ्याचा हात थांबवला, माझ्या पाठीवर ठेवला. "जाग्यार पडात सगळा," म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की विचारायचं होतं ते सगळं विसरले. शेवटी उठता उठता आठवलं.

"काकी, त्या दाबकेबाई कशा होत्या?"

"बरी होती गे. माझ्याबरोबर हयच बसायची. जाताना मात्र माका हाक मारल्यान नाय. गाडीत बसली आणि काच वर केल्यान." त्यांनी सोललेल्या आठळ्या उचलल्या. "माझा काय चुकला, ता अजून कळूक नाय."

रविवारी सकाळी नऊला आम्ही सगळेच निघणार होतो. मगदूमांची गाडी लागली होती, मास्तरांना आणि मला काका बसस्टॉपवर सोडणार होते. सामान बाहेर आलं, तशी काकांनी हाक मारली, "सगळ्यांनी जरा हय येवा!"

अंगणाच्या कडेला देवाची छोटी घुमटी होती. काकांनी टोपी घातली, घुमटीपुढे नारळ ठेवला, विड्याचं पान ठेवलं आणि हात जोडून उभे राहिले. "आमच्याकडे पावणो जाताना गाऱ्हाणा घालतत," ते आम्हाला म्हणाले. "मी देवाक सांगतलंय, तुमी सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचा."

कोकणात गाऱ्हाणं घालतात हे मी ऐकून होते. देवाला मोठ्यानं हाक मारून सगळ्यांच्या वतीनं मागणं मागायचं. गावच्या जत्रेत, घरच्या कार्यात. पाहुण्यांसाठी घालणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मला तर गंमत वाटली. मगदूमांच्या मुलींनी मोबाइल काढून चित्रण सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!" काकांचा आवाज एकदम खणखणीत झाला. "हे तुझे पावणे आज आपापल्या घराक निघाले हत. तेंका सुखरूप नेऊन पोचय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं. मुली हसल्या.

"हे मास्तर, तेंच्या गुडघ्याक आराम दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही सुलक्षणा. बार्शीची. तीनदा न्यायाधीशाची परीक्षा दिल्यान, तिन्ही वेळा नापास झाली. बापाशीक अजून सांगूक नाय. रोज खोटा बोलता आणि जिवाक खाता. तिका पास कर, नायतर बापाशीक खरा सांगूचा बळ तरी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मगदूम, मगदूमबाई, दोन्ही मुली आणि सोलापूरचे मास्तर एका सुरात म्हणाले.

मास्तर माझ्याकडे वळून मायेनं म्हणाले, "बार्शीत कुणाची गं तू?" मगदूमबाईंनी हळूच माझा दंड दाबला. त्यांना सगळ्यांना माझी कणव येत होती आणि मला त्या प्रत्येकाचा गळा धरावासा वाटत होता. काका मात्र नारळ फोडून, खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवून, प्रसन्न चेहऱ्यानं उभे होते. आपण या पोरीचं भलं केलं, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

मी खोबरं तसंच मुठीत धरलं. मगदूमांची गाडी गेली, मास्तर पुढे चालत रस्त्यापर्यंत गेले, आणि मग मी फुटले.

"काका, त्या दाबकेबाईंचंही असंच गाऱ्हाणं घातलंत?"

"म्हणजे काय! सगळ्यांचाच घालतंय."

"काय सांगितलंत देवाला?"

त्यांनी जे होतं ते सांगितलं. बाईंनी आठळ्या सोलताना काकींना सांगितलेली त्यांच्या घरातली गोष्ट. ती काय, हे मी इथे लिहीत नाही; सांगायची तर ती बाईंनीच. काकींनी ती रात्री काकांना सांगितली, ती काही चहाडी म्हणून नव्हे. काकांनी देवाला सांगावं म्हणून. काकी पाहुण्यांची दुःखं काढून घ्यायच्या आणि काका ती घुमटीपर्यंत पोचवायचे. बारा वर्षं दोघांचं हे असंच चाललं होतं.

"अहो, पण सगळ्यांसमोर?" मी ओरडलेच. "माझ्या बापाला माहीत नाही ते तुम्ही सोलापूरच्या माणसासमोर बोललात! मला आत्ता हातात दगड असता तर मी तुमच्या खोलीची काच फोडली असती. वर एक तारासुद्धा दिला नसता!"

काका गोंधळले. "पण मी देवाक सांगलंय गे. लोकांक नाय."

"कायदा काय म्हणतो ऐका. एकाची गोष्ट तिसऱ्याच्या कानावर घातली की ती जगजाहीर झाली. देव धरू नका. बाकी उभे होते ते? त्या दिवशी कोण होतं इथे?"

काकांनी आठवलं. "एक नवरा-बायल. नाशकाचीच होती. ह्या बाईच्याच कॉलनीत तेंचो भाऊ रवता, असा काय ता बोलत होती."

काकी दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर दाबला. जे काय झालं होतं ते आम्हा तिघांनाही एकाच क्षणी कळलं. काका घुमटीच्या कट्ट्यावर बसले आणि दोन्ही हातांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मगे ती खरा बोलली," ते म्हणाले. "माका वाटला मी तिचा बरा करतंय."

माझा राग तिथेच अर्धा उतरला. उरलेल्या अर्ध्यात वकील जागा झाला. "काका, हे वाईट झालं, पण तुमच्या बाजूनं बघाल तर हे फार सोपंय. लोकांना वाटतंय तसलं तुम्ही काही केलेलं नाही. आपण तिथेच उत्तर लिहू. गाऱ्हाणं म्हणजे काय, बाईंची गोष्ट काय होती, ती तुम्ही कोणत्या भावनेनं देवापुढे मांडली, सगळं. वाचणारा म्हणेल, अरे, एवढंच होय! एका दिवसात तुमचं नाव धुऊन निघेल. मी आत्ता लिहून देते."

मी वही काढली आणि लिहायलाही लागले. काका बघत होते.

"ती गोष्ट लिवतलंस?"

"लिहावीच लागेल. नाहीतर कुणाचा विश्वास बसेल?"

"नको."

"मग दावा लावू. तिथेही शपथेवर हेच सांगावं लागेल."

"तोय नको. तेव्हा दोघांनीच ऐकल्यानी. आता सगळो मुलूख वाचतलो. लिव, बाईन लिवलेला खरा आसा. चूक माझी. मी तिची माफी मागतंय."

"आणि?"

"आणि काय नाय."

मी वही मिटली. "काका, वेड लागलंय का तुम्हाला? 'बायकांनी एकटीनं जाऊ नये' याच्या खाली तुम्ही नुसतं 'चूक माझी' लिहिणार? हा कबुलीजबाब आहे! लोक याचा काय अर्थ काढतील कळतंय ना? काकींना गावात तोंड काढता येणार नाही."

त्यांनी काकींकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी बाई शहाणपणा करतील. काकींनी पदरानं डोळे पुसले.

"लिवा," त्या म्हणाल्या. "तिना माका सांगितल्यान होता. मी तोंड उघडलंय."

मी लिहिलं. माझ्या हातानं, त्यांच्या फोनवरून, दोन ओळी. वकील म्हणून अशिलाच्या गळ्यात मीच फास अडकवत होते.

पुढचे आठ दिवस मी म्हटलं होतं तसेच गेले. त्याहून वाईट. खाली लोकांनी नाही नाही ते लिहिलं. "कबूल केलं बघा नीच माणसानं." "याला पोलिसात द्या." एका शहाण्यानं काकांच्या घराचा फोटो टाकला. उरलेली बुकिंगं गेली. देवळाच्या कमिटीतून काकांना निरोप आला, यंदा जत्रेचं गाऱ्हाणं दुसरा कोणीतरी घालेल. तेंडोलकर सरांनी मला समोर उभं करून विचारलं, "बारबोलेबाई, अशील आपल्याकडे सुटायला येतो की अडकायला?" मी घरी जाऊन रडले. त्याच रात्री बार्शीला फोन लावला आणि वडिलांना निकाल सांगून टाकला. ते म्हणाले, "दोन महिने एकटीच घेऊन बसलीस होय गं?" तेही रडले. पण ते असो.

नवव्या दिवशी सकाळी मी सवयीनं ते पान उघडलं. दाबकेबाईंचा जुना मजकूर नव्हता. त्या जागी नवा होता.

"माझ्या आधीच्या लिहिण्याचा लोकांनी फार वाईट अर्थ घेतला. तो तसा घेतला जाईल हे मला लिहितानाच कळायला हवं होतं. केळुसकरांनी माझ्याशी कसलंही गैरवर्तन केलेलं नाही. माझा एकुलता एक मुलगा दारूच्या व्यसनापायी सात महिने व्यसनमुक्ती केंद्रात आहे. सगळ्यांना मी सांगते की तो परदेशी शिकतो. हे मी काकींजवळ बोलले आणि काकांनी ते देवापुढे, माझ्या ओळखीच्या माणसांदेखत बोलून दाखवलं. मला त्याचा राग होता, अजूनही आहे. पण स्वतःवरचा आळ झटकायला त्यांनी माझी गोष्ट पुन्हा वापरली नाही. त्यांनी ती सांगितली नाही, म्हणून मी सांगते आहे."

मी कोर्टाच्या आवारात होते. काळा कोट सावरत तिथूनच काकांना फोन लावला. ओरडूनच वाचून दाखवलं, येणारे-जाणारे बघायला लागले. "जिंकलो काका!" मी म्हटलं. "एक दावा नाही, एक नोटीस नाही! आता बघा कोण काय बोलतंय ते!"

मला वाटलं, रेंज गेली.

"काका? ऐकलंत ना?"

"ऐकलंय गे," ते म्हणाले. "पण त्या बाईच्या झिलाक आता परत येऊन लोकांत बसूचा आसा. तो भायर येतलो तेव्हा आख्ख्या नाशकाक म्हायती असतला."

मी लोकांपासून बाजूला झाले.

"वकीलबाय," काका म्हणाले, "तुमी पाच वाटो सांगल्यात ना माका? त्यातली कुठलीय घेवा, पण तिका सांगा, ह्या लिवलेला पुसून टाक. आमचा काय व्हायचा ता होऊंदे. असो कायदो आसात ना?"

"नाही हो काका," मी म्हटलं. "असा नाही."